स्पितीच्या आधी ग्वाल्हेर लागतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा. २२ हजार किलोमीटर चाललेली रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटरसायकल तू नुकतीच विकत घेतलीस. जूनच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरहून निघायचं, शिमला-किन्नौरमार्गे स्पितीतलं काझा, मग कुंझूम खिंड ओलांडून मनाली आणि परत. सुट्टी चौदा दिवसांची, सामानासाठी चाळीस हजार रुपये. सोबत यादी पाठवलीस: अॅल्युमिनियमच्या पेट्या, पेट्रोलचे दोन जेरीकॅन, फॉग लॅम्प, बर्फातलं जाड जॅकेट, ऑक्सिजनचे डबे, हेल्मेटवर लावायचा कॅमेरा. "मावशी, यात आणखी काय घालू? आणि आईला कसं पटवू?"

आईचं शेवटी बोलू. यादीत काही घालू नकोस. उलट त्या सहाही गोष्टी आधी खोड.

तू ही यादी कुंझूमकडे बघून केली आहेस. चंदीगडच्या मुलाला ते चालतं, कारण तो सकाळी निघाला की दुपारी डोंगरात असतो. आपल्याला शिमल्यापर्यंतच साडेअकराशे-बाराशे किलोमीटर जायचंय, आणि ते ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली असे. जूनमध्ये त्या पट्ट्यात पारा ४४-४५ ला टेकतो. चार-पाच दिवसांनी तूच पहाटे काझाला हातमोज्यात फुंकर मारत असशील. आणि परत येशील तेव्हा माळव्यात पाऊस लागलेला असेल. एका पिशवीत तीन ऋतू भरायचे आहेत, आणि माझ्या अनुभवाने इंदूरच्या माणसाला त्यातला थंडीचा ऋतू सगळ्यात कमी छळतो.

माझी पहिली उत्तरेची फेरी आठवते. अंगात काळं जॅकेट, आत अस्तर तसंच ठेवलेलं, "काढून ठेवायचं कुठे" म्हणून. शिवपुरी सोडल्यावर लक्षात आलं की घाम येणं थांबलंय. मला वाटलं, बरं झालं, वारा लागतोय. पुढच्या ढाब्यावर चहाचे पैसे देताना हातातल्या नोटा मोजता येईनात. ढाबेवाल्याने बघितलं, न विचारता डोक्यावर बादली ओतली आणि मिठाचं ताक पाजलं. दिवस तिथेच संपला.

तेव्हा न कळलेली गोष्ट ही: हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा थंडावा देत नाही, भट्टीच्या तोंडासारखा उलट तापवतो. म्हणून पस्तीस अंशांपर्यंत जाळीचं जॅकेट वरदान, पण चाळीसच्या पुढे नुसती जाळी तुला वाळवते. तेव्हा आतला सुती टी-शर्ट पाण्यात भिजवून घालायचा, वर जॅकेट, आणि पुढच्या झिपा अर्ध्या बंद. तासाभरात तो कोरडा होतो, मग पुन्हा भिजवायचा. पहाटे साडेचारला निघायचं, अकराच्या आत कुठेतरी छताखाली, पुन्हा साडेचारनंतर दोन-तीन तास. पाणी तहानेवर सोडायचं नाही. पाठीवर नळीची पिशवी असली तर दर दहा मिनिटांनी घोट जातो, बाटली असली तर जात नाही, इतकं साधं आहे. दिवसातून दोन-तीन पाकिटं ओआरएस. ग्वाल्हेरला पहिला मुक्काम कर. पाचशे किलोमीटर म्हणजे पहिल्या दिवसाला पुरे. आणि नकाशात नवा दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवे जवळ दिसतोय म्हणून रतलामकडे वळू नकोस, तो दुचाकींना बंद आहे.

आता चाळीस हजार. ते सगळे अंगावर खर्च कर, गाडीवर नाही.

हेल्मेट आधी. आयएसआयचा शिक्का कायद्याने लागतोच, त्याच्या जोडीला ईसीई २२.०६ हा युरोपातल्या मानकाचा शिक्का असेल तर उत्तम. आठ-दहा हजारांत मिळतं. पण शिक्क्याइतकंच माप महत्त्वाचं. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, बोलताना गालाची आतली कातडी दाताखाली येईल इतके. दुकानात वीस मिनिटं डोक्यावर ठेव, दुकानदार कंटाळला तरी. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर ते हेल्मेट तुझ्या डोक्याचं नाही, मग रंग कितीही आवडो. वर चोच असलेली हेल्मेटं फोटोत छान दिसतात, पण ताशी शंभरला वारा ती चोच धरतो आणि संध्याकाळी मान धरते. काच पारदर्शकच घे, उन्हाला आत गॉगल. आणि मेडिकलमधून फोमचे कानातले बोळे घे. हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज शंभरच्या वेगाला शंभर डेसिबलच्या आसपास जातो. दिवसभराचा जो थकवा आपण कंबरेच्या नावावर मांडतो, त्यातला बराच कानांचा असतो. वीस रुपयांत याहून मोठा फरक पाडणारी वस्तू मला तरी माहीत नाही.

जॅकेट जाळीचंच घे. लेबलवर ईएन १७०९२ हे युरोपातलं मानक आणि त्यापुढे 'एए' किंवा 'ए' असं असतं, ते कापडाच्या घासण्या-फाटण्याचं. आतल्या चिलखताचं वेगळं: कोपर-खांद्याला ईएन १६२१-१, पाठीला १६२१-२, आणि पुढे लेव्हल १ किंवा २. लेव्हल १ च्या पाठीच्या तुकड्यातून सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत धक्का पलीकडे जाऊ शकतो, लेव्हल २ मधून ९ पर्यंतच. म्हणजे निम्मा फरक. बऱ्याच जॅकेटांत पाठीला नुसता फोमचा तुकडा घालून देतात, तो खिशातून बाहेर काढून बघ. शिक्का नसेल तर तो फोम गादीत घाल आणि लेव्हल २ चा वेगळा विकत घे. आपल्याकडे राइनॉक्स, व्हायाटेरा वगैरे भारतीय कंपन्यांची जॅकेटं, बॅगा आता चांगल्या मिळतात, परदेशीच हवं असं काही राहिलं नाही. मात्र दुकानात आरशासमोर उभं राहून बघू नकोस. तुझ्या गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून बघ. बाही वर सरकते का, कोपराचं चिलखत फिरून बाजूला जातं का, ते तेव्हाच कळतं.

पँट घे. जीन्स डांबरावर क्षणात फाटते आणि लोक नेमका इथेच हात आखडतात. बूट घोट्याच्या वर जाणारे, वाकवले तर सहज न पिळणारे. ते आत्ताच घे आणि रोज ऑफिसला घालून जा, प्रवासात नवा बूट म्हणजे फोड. वर रस्त्यावरून वाहणारे नाले ओलांडायला काही जण गमबूट नेतात. मी नेत नाही, घोट्याला त्यांचा काही आधार नसतो. मोज्यांवर दुधाच्या पिशव्या चढवते. हसू येईल, पण पाय कोरडे राहतात.

हिवाळी जॅकेट का खोडलं ते सांगते. थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर हेच जाळीचं जॅकेट आणि सगळ्यावर रेनकोट. रेनकोट वारा आत येऊ देत नाही, आणि थंडी म्हणजे निम्मी वाऱ्याचीच. असा मी कुंझूम जूनमध्येही केला आणि सप्टेंबरातही. म्हणून रेनकोट जॅकेटच्या वरून घालायचा घे, एक माप मोठा, भडक रंगाचा. जॅकेटच्या आत लावायचं वॉटरप्रूफ अस्तर मिळतं, त्यात तू कोरडा राहतोस पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन दोन किलो जड होतं आणि रात्रभर वाळत नाही. एवढं मात्र लक्षात ठेव, मैदानात ज्या भिजल्या सुती टी-शर्टने जीव वाचवला तोच वर डोंगरात वैरी. शिमल्याला तो पिशवीच्या तळाशी जाऊ दे.

पेट्यांबद्दल. अॅल्युमिनियमची जोडी फ्रेमसकट रिकामीच दहा-बारा किलो भरते. गाडी आडवी झाली, आणि ती होणारच, तर पाय पेटीखाली येतो. मऊ सॅडलबॅगेखाली आला तर तो ओढून काढता येतो. सगळं सामान, हत्यारांसकट, अठरा किलोच्या आत बसव. घरच्या काट्यावर नीट कळत नाही. मी दर वेळी गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याच्या तराजूवर टांगून मोजते, तो आता मला ओळखतो. जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ, हलक्या मागे. टोकांना आकडे असलेली रबरी दोरी मात्र आणूसुद्धा नकोस. गुन्याच्या अलीकडे माझ्या तसल्या दोरीचा आकडा सुटला आणि स्लीपिंग बॅग मागच्या चाकात गेली. वेग चाळीसचा होता म्हणून आज हे लिहितेय. बकल असलेले सपाट पट्टे वापर आणि टोकं लोंबू देऊ नकोस.

जेरीकॅन नकोत, कारण हिशोबच तसा आहे. तुझी टाकी १५ लिटरची, गाडी लिटरला तीसच्या आसपास देते. रेकाँग पिओला पंप आहे, काझाला पंप आहे, मधलं अंतर दोनशेच्या आसपास. काझा ते मनालीही तेवढंच. दोन्हीकडे टाकी तुडुंब भरून निघ, अर्धी उरेल. वर पाठीशी पेट्रोल बांधून पडायचं कशाला? फॉग लॅम्पचंही तसंच. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा हा नियम पाळलास तर ते लागत नाहीत.

आता गाडी. इथे पैसे नाही, वेळ लागतो.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नकोस. तीन आठवडे आधी कर आणि नंतर पाचशे किलोमीटर चालव. गॅरेजमध्ये उघडलेला प्रत्येक नट हा सैल राहू शकणारा नट असतो, तो इंदूरात सुटू दे, किन्नौरातल्या पुहला नको. चेन-स्प्रॉकेट नीट बघ. दात आकड्यासारखे वाकले असतील तर अख्खा सेट बदल, नुसती चेन नाही. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे आधीच्या मालकाला विचार. त्याला आठवत नसेल तर बदलायची वेळ झालीये. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि लांब उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन ब्रेकचा लिव्हर पोकळ जातो. क्लच वायर नवी टाक, आणि तिच्या शेजारूनच दुसरी वायर आत्ताच ओवून झिप टायने बांधून ठेव. तुटली तर फक्त दोन टोकं अडकवायची, टाकी उघडायला नको.

आणि टायर काढायला शीक. हे मी सगळ्यात आग्रहाने सांगतेय. तुझ्या गाडीची चाकं तारांची, आत ट्यूब. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. इंदूरात पंक्चरवाला चौकाचौकात आहे, पण कुंझूमच्या अलीकडचं लोसर सोडल्यावर पलीकडच्या ग्राम्फूपर्यंत तो नाही. तुझ्या ४११ ला मधला स्टँड आहे, त्यामुळे चाक काढणं सोपं. कठीण असतं ते रिमवर चिकटलेली टायरची कड सोडवणं. दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवून त्या गाडीचा भार टाकला की ती सुटते. मग टायर काढायचे लिव्हर लावायचे. इथे मुलं दंडाचं बळ वापरतात आणि रिम वाकवतात. खरी गोष्ट अशी की रिमच्या मध्ये एक खोलगट पन्हाळ असते. लिव्हरच्या बरोबर समोरची कड गुडघ्यांनी दाबून त्या पन्हाळीत उतरवली की इकडे आपोआप जागा होते, दोन बोटांच्या जोराने कड बाहेर येते. साबणाचं पाणी लाव. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरव, पण हळू, कारण बाभळीचा काटा तिथेच वाट बघत असतो, आणि तो न काढता नवी ट्यूब घातलीस तर दहा मिनिटांत तीही गेली. परत घालताना ट्यूबमध्ये थोडी हवा भर, म्हणजे ती लिव्हर आणि रिमच्या चिमट्यात सापडत नाही. माझ्या पहिल्या तीन ट्यूबा मी स्वतःच चिमटल्या होत्या.

गॅरेजची हत्यारं वापरू नकोस, जी सोबत नेणार आहेस त्यांनीच हे घरी तीनदा कर. त्यात कळेल कुठला पाना कमी आहे. आपल्या इंदूरच्या सियागंजात सगळं मिळतं: टायरच्या लिव्हरची जोडी, अॅलन की, झिप टाय, तांब्याची तार, एम-सील. दोन्ही मापांच्या ट्यूबा, बॅटरीवर चालणारा छोटा पंप, दोन फ्यूज, एक क्लच लिव्हर, एक स्पार्क प्लग. दुसरी किल्ली गाडीवरच, वेगळ्या जागी लपवून.

सरावाला हिमालय लागत नाही. महूच्या पुढे जाम दरवाजाचा घाट उतर, पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा राहून, गुडघ्यांनी टाकी धरून. बसून चालवशील तर खड्डा कण्यात जातो, उभा राहिलास तर गुडघ्यात विरतो. चोरलच्या कोरड्या पात्रातल्या गोट्यांवर पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालव, स्पितीकडच्या नाल्यांचे तळ असेच असतात. महेश्वरला नर्मदेच्या वाळूत पुढचं चाक भरकटतं तेव्हा ब्रेक न मारता हलका एक्सिलेटर देऊन पुढे जायची सवय लागते, ती दुसरी कुठे लागत नाही. पहिला पाऊस पडला तर आपल्या काळ्या मातीत मात्र जाऊ नकोस. ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरून चाक जाम करते. तिथून काही शिकायला मिळत नाही, फक्त काडीने चिखल उकरत बसावं लागतं. निघायच्या दहा दिवस आधी पूर्ण सामान बांधून इंदूर-मांडू-महेश्वर-इंदूर असं अडीचशे किलोमीटर फिर. घरी आल्यावर जे उघडलंच नाहीस त्यातलं औषध, हत्यार आणि रेनकोट सोडून बाकी सगळं बाहेर काढ.

पडलेली गाडी उचलायचाही सराव कर. तुझी गाडी दोनशे किलोच्या घरातली, माझी उंची पाच फूट दोन इंच, तरी मी ती एकटी उचलते. इंजिन बंद, गिअरमध्ये, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा. हँडल पूर्ण वळवायचं, पाठ सीटला लावायची आणि पायांनी मागे चालत जायचं. कंबर वाकवायची नाही.

वरच्या गोष्टी थोडक्यात. किन्नौरकडून जातोयस हे फार चांगलं, कारण चढ हळूहळू होतो. एक रात्र कल्पा किंवा सांगला, एक नाको किंवा ताबो, मग काझाला दोन. मनालीकडून आलेली मुलं एका दिवसात कुंझूम चढून काझाला डोकं धरून बसतात. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं, दुसरा इलाज नाही. डब्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचार, सल्फाची अॅलर्जी असेल तर ती आवर्जून सांग. कुंझूम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के हवा. इंजिनलाही तेवढीच मिळते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल कमी करून मेळ घालतं, पण गेलेली ताकद परत आणू शकत नाही. गाडी बिघडली असं समजून क्लच घसरवत बसू नकोस, खालच्या गिअरमध्ये जा. क्लच प्लेटा तिथेच जळतात.

कुंझूम उतरल्यावर बातल ते छत्रू पट्ट्यात नाले रस्त्यावरून वाहतात, बर्फाचं पाणी दुपारी चढतं. म्हणून काझाहून एका दमात मनालीचा हट्ट नको. लोसरला किंवा बातलला राहा आणि सकाळी लवकर नाले ओलांड. आधी चालत जाऊन बघ, मग पहिला गिअर, एकसारखा एक्सिलेटर, नजर पलीकडच्या काठावर. गाडी पाण्यात पडली तर बटण दाबून चालू करायचा मोह आवर. आधी स्पार्क प्लग काढ, स्टार्टरने आतलं पाणी बाहेर फेकू दे, मग प्लग लाव.

कागदांत एकच बघ: आरसी तुझ्या नावावर झाली का, आणि विमा? आरसी बदलून विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर तुझ्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळवताना अडशील.

आता आई. तिला "काही होत नाही गं" असं सांगू नकोस, तिला ते खोटं आहे हे माहीत आहे. एक कागद लिहून दे: कुठल्या तारखेला कुठलं गाव, कुठला मुक्काम, रोज किती वाजता फोन. आणि त्यावर लाल शाईने लिही की लोसर सोडल्यापासून अटल बोगद्याकडे उतरेपर्यंत फोन लागणार नाही, तो एक दिवस, गरज पडली तर दीड. फोन न लागणं आधीच लिहिलेलं असलं की ती त्या दिवशी देवघरात बसेल, पण पोलिसांना फोन करणार नाही. माझ्या आईला मी हे पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. मनालीला पोचून फोन लावला तेव्हा आमच्या रामबागेतल्या घरी अकरा नातेवाईक जमले होते आणि पोह्यांचा दुसरा घाणा चालू होता.